ग्रेट सर्कल मॅपर: अंतरासाठी उत्तम, वेळेचा हिशेब मात्र आपणच करावा

कोल्हापूरहून विमानाने निघणाऱ्यांना दोन आकडे हवे असतात: किती लांब आणि किती वेळ. पहिल्यासाठी ग्रेट सर्कल मॅपर ही फुकट वेबसाइट बिनधास्त वापरावी. कोल्हापूर विमानतळाचा तीन अक्षरी कोड केएलएच आणि मुंबईचा बीओएम, दोन्हींच्या मध्ये आडवी रेघ देऊन (KLH-BOM) टाकले की नकाशावर रेषा उमटते आणि अंतर येतं: सुमारे ३०८ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर ३८० च्या आसपास भरतं. पान इंग्रजीत आहे, पण कोड माहीत असले की अडत नाही. एकक मात्र आधी बघून घ्या. मैलात १९१ आणि नॉटिकल मैलात १६६ दिसतं, आणि तोच आकडा किलोमीटर समजला की पुढचं सगळं गणित फसतं. शहराचं नाव टाकून अंतर सांगणाऱ्या इतर साइट अनेकदा शहराच्या मध्यापासून मोजतात, उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून नाही. म्हणून कोडच टाकावा.

वेळेचं तसं नाही. बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये मोठ्या जेटचा ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरलेला असतो. त्याने भागलं की मुंबई २३ मिनिटांवर येते, आणि हा आकडा निरुपयोगी आहे. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान ताशी ५०० च्या आसपास उडतं, म्हणजे नुसतं अंतर कापायलाच ३७ मिनिटं. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. विमानाचं जमिनीवर सरकत जाणं (टॅक्सी), चढण, उतरण, धावपट्टीच्या दिशेला वळसा हे सगळं तीत येतं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच मुख्यतः चालते. गर्दीत आकाशात घिरट्या पडतात त्या यामुळेही.

साधा ठोकताळा असा: एटीआर असेल तर किलोमीटरला ५०० ने भागा, ६० ने गुणा आणि वर २५ ते ३० मिनिटं धरा. मुंबईला तासाभरापेक्षा थोडं जास्त येतं. हैदराबाद ४४५ किलोमीटर, म्हणजे सुमारे एक तास वीस मिनिटं. बंगळूर ५३१, म्हणजे दीड तास. एम्ब्रेअर १७५ सारख्या जेटला ७५० ने भागून ३० मिनिटं मिळवा. मुंबई ५५ मिनिटांवर येते. लहान पल्ल्यावर जेटचा फायदा कमीच, कारण निम्मा वेळ जमिनीवर आणि चढण्या-उतरण्यातच जातो. तिरुपती (६५७) किंवा अहमदाबादला (७३१) तो खरा जाणवतो.

या साइटचा सगळ्यात मोठा उपयोग विमान बदलून जाणाऱ्यांना आहे. एकापुढे एक कोड टाकले की एकूण बेरीज मिळते. कोल्हापूर ते दिल्ली सरळ रेषेत १,३५० किलोमीटर. मुंबईमार्गे ते १,४४० होतं आणि हैदराबादमार्गे १,७०० च्या वर जातं. म्हणजे हैदराबादचा वळसा मुंबईपेक्षा अडीचशे किलोमीटरहून जास्त, जेटला वीसेक मिनिटांचा. पण मुंबईत पाच तास थांबावं लागत असेल आणि हैदराबादला दीड, तर हैदराबादच घ्यावं.

आणि मुंबईचा कोड नीट वाचा. नवी मुंबई विमानतळाचा कोड एनएमआय आहे. हवेतून तो कोल्हापूरला वीसेक किलोमीटर जवळ आहे, पण पुढचं विमान सांताक्रूझहून (बीओएम) असेल तर मधला रस्ता टॅक्सीने काढावा लागेल.