मेंटॉर नोंदवही : विद्यार्थ्याचा दिनक्रम विचारणारी पाने

नॅकच्या (महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) मूल्यांकनात विद्यार्थी आणि मेंटॉर (ठरावीक विद्यार्थ्यांकडे लक्ष देणारा मार्गदर्शक शिक्षक) यांच्या प्रमाणाची माहिती द्यावी लागत असल्याने नाशिकमधील बहुतेक महाविद्यालयांत मेंटॉरची नोंदवही असतेच; मात्र नाव, प्रवर्ग, रक्तगट आणि पालकांचा मोबाईल क्रमांक भरून झाला की ती कपाटात जाते. आमच्या विभागाने यंदा एका स्थानिक प्रकाशकाकडून घेतलेली छापील नोंदवही मात्र शिकवण्याच्या खरोखर उपयोगी पडली.

तिचे सगळ्यात मोलाचे पान ‘प्रवास व दिनक्रम’ हे आहे. घरून किती वाजता निघता, किती गाड्या बदलता, परतीची शेवटची बस कोणती, अभ्यास घरात कुठे बसून करता आणि कॉलेज सुटल्यावर कामाला जाता का, असे साधे प्रश्न त्यात विचारले आहेत. पेठ तालुक्यातून येणारी एक विद्यार्थिनी शेवटचा तास नेहमी अर्धवट सोडून जात असे आणि तिला विषयात रस नाही, असे स्टाफरूममध्ये सगळ्यांनीच गृहीत धरले होते. तिने भरलेल्या पानावर शेवटच्या बसची वेळ वाचली आणि तिच्या जाण्याचा उलगडा झाला. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, पण पदवीच्या पहिल्या वर्षापासून तो बंद होतो. 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट असले आणि विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळत असला, तरी मजुरीवर चालणाऱ्या घराला तो नवा खर्चच असतो. याच पानामुळे अंबड एमआयडीसीत रात्रपाळी करून थेट पहिल्या तासाला येऊन बसणारा मुलगाही समजला. त्यानंतर अवघड उदाहरणे मी मधल्या तासांना घेऊ लागलो.

‘हंगामी काम’ या पानावर बारा महिन्यांचे चौकोन आहेत. पेठ-सुरगाण्याकडची अनेक कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीत घरातल्या प्रत्येक हाताची गरज असते. नेमकी त्याच सुमारास आमची अंतर्गत चाचणी असे. भरलेले चौकोन एकत्र पाहिल्यावर ती चाचणी आधी घेण्याचा निर्णय विभागाच्या बैठकीत फारशा चर्चेविना झाला.

भाषेच्या रकान्याबाबत मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. तिथे मराठी, हिंदी, इंग्रजी आणि इतर एवढेच पर्याय आहेत. सटाणा, कळवण, मालेगाव या भागांतील कितीतरी घरांत अहिराणी बोलली जाते, सुरगाण्यात कोकणा बोली आहे, मालेगावच्या मुलांची घरची भाषा अनेकदा उर्दू असते. तरीही बहुतेक मुले संकोचाने मराठीवर खूण करतात आणि पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी त्यांना सहज कळत असेल, असा शिक्षकाचा समज होतो. नाशिक जिल्ह्यासाठी छापलेल्या वहीत या बोलींची नावे असायलाच हवी होती.

दुसरी उणीव गंभीर आहे. पालकांचे उत्पन्न, घरातील आजारपण, कर्ज अशा खाजगी बाबी त्याच वहीत, इतर विद्यार्थ्यांच्या पानांना लागून लिहाव्या लागतात आणि वही विभागात अनेकांच्या हाती जाते. मुलांनी विश्वासाने सांगितलेली माहिती अशी उघडी राहू नये, म्हणून हा भाग सुट्या पानांवर असावा आणि मेंटॉरकडेच कुलपात राहावा, असे आम्ही प्रकाशकाला कळवले आहे.

कागद जाड आहे, शिवण पक्की आहे आणि किंमत विभागाच्या खर्चात सहज बसते. पाने प्रवेशाच्या घाईत भरून घेऊ नयेत, कारण तेव्हा मुले अर्जासारखी तुटक उत्तरे देतात. वर्ग सुरू होऊन थोडी ओळख झाल्यावर, समोर बसवून, बोलत बोलत ती भरावीत. मागणी नोंदवताना प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक कोरे पान जादा मागून घ्यावे, कारण दुसऱ्या सत्रात पत्ता, काम आणि बस या तिन्ही गोष्टी बऱ्याच जणांच्या बदललेल्या असतात.