सौर संचाची दोन कोटेशन शेजारी ठेवताना

महावितरणच्या एका घरगुती ग्राहकाकडे तीन किलोवॉटच्या ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला जोडलेल्या, संचाची दोन कोटेशन आली आहेत असे धरू: पहिले 1,65,000 रुपयांचे, दुसरे 1,95,000 रुपयांचे. पहिल्याकडे कल झुकणे स्वाभाविक आहे, परंतु पॅनेलची ओळ वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये. पहिल्यात 545 वॉटची पाच पॅनेल आहेत, म्हणजे क्षमता 2.725 किलोवॉट, ‘तीन’ हा आकडा केवळ इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचा, आहे. दुसऱ्यात 540 वॉटची सहा पॅनेल, म्हणजे 3.24 किलोवॉट. वॉटमागे भाव काढला तर दोन्ही साठ रुपयांच्या किंचित वर येतात, त्यामुळे पहिले कोटेशन स्वस्त नसून लहान आहे.

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असे कमाल 78,000 रुपये अनुदान मिळते, आणि पॅनेल व इन्व्हर्टर यांपैकी जी क्षमता कमी ती धरली जाते. म्हणून पहिल्याला 73,050, तर दुसऱ्याला पूर्ण 78,000 रुपये मिळतील. अनुदानासाठी पॅनेल भारतीय सेलची, म्हणजे डीसीआर (देशी घटकांची अट पाळणारी), असावी लागतात. हा शब्द दोन्ही कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेला हवा.

दर किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरल्यास पहिला संच महिन्याला सुमारे 325 आणि दुसरा सुमारे 390 युनिट देईल. घराचा वापर तीनशेच्या आत असेल, तर पहिला पुरेसा आहे, कारण वापरून वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना महावितरणकडून मिळणारा दर कमी असतो. एसी किंवा विजेवरची गाडी लवकरच येणार असेल, तर मी दुसराच निवडेन.

मात्र माझ्या मते सर्वाधिक चौकशी स्ट्रक्चरची व्हावी, कारण पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी बहुधा 25 वर्षांची असली तरी ती ज्या सांगाड्यावर उभी राहतात तो त्याआधी गंजला तर त्या हमीचा उपयोग नाही. पहिल्यात नुसते ‘जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे) स्ट्रक्चर’ लिहिले असेल आणि दुसऱ्यात हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले, जस्ताचा थर 80 मायक्रॉन, असे असेल, तर कोकणातल्या खाऱ्या हवेत जास्तीचे पैसे योग्य ठिकाणी जातात. साधा जीआय पाइप कापलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या जागी प्रथम गंजतो. स्लॅबला छिद्रे पाडणार असल्यास गळतीची जबाबदारी कोणाची, हेही लेखी घ्यावे, कारण पहिल्याच पावसाळ्यात हा प्रश्न उभा राहू शकतो. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर किती वाजता पडते, हे गच्चीवर येऊन न पाहता दिलेले कोटेशन मी विचारात घेणार नाही.

डीसी (पॅनेलकडची वीज), एसी (घराकडची वीज) आणि वीज पडण्यापासून वाचवणारा वीजरोधक यांसाठी तीन स्वतंत्र अर्थिंग, इन्व्हर्टरच्या वॉरंटीची वर्षे आणि नेट मीटरचा, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा, खर्च कोणाकडे, या बाबी दोन्हीकडे सारख्या शब्दांत लिहून घ्याव्यात. अनुदान संच सुरू झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात जमा होते, त्यामुळे ते आधीच वजा करून दाखवलेल्या रकमेवर नव्हे, तर पूर्ण रकमेवर हप्ते ठरवावेत आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी.