घरच्या सगळ्यांना घेऊन जावं असं चायनीज

चायनीज खायला दोघांनीच जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. दोन डिश मागवल्या की पोट भरतं आणि निम्मा मेनू तसाच राहतो. हे जेवण मुळात मधे ठेवून वाटून घ्यायचं. म्हणून या वेळी सासूबाई, सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि तिन्ही मुलं असे सगळेच गेलो. फोन करून गोल टेबल आधीच सांगून ठेवलं होतं. मधे फिरती काच असल्यामुळे सासऱ्यांना हवं ते स्वतःच्या हाताने घेता आलं. एरवी ते संकोचाने मागतच नाहीत.

सासूबाई शाकाहारी आहेत हे कळल्यावर वेटरने आम्ही न विचारताच सांगितलं की मापो टोफूत (तिखट लाल रश्श्यातलं सोयाबीनचं पनीर) मूळ पद्धतीप्रमाणे खिमा असतो, आणि परतलेल्या भाज्यांवर ऑयस्टर सॉस पडतो, तो कालवांच्या अर्काचा. दोन्ही पदार्थ त्याने मशरूम घालून वेगळे करून आणले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ‘व्हेजच आहे हो’ म्हणून बिनदिक्कत तोच सॉस वाढणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. त्या टोफूला सिचुआन मिरीची खरी झिणझिण होती. ही मिरी तिखट लागत नाही, ओठ हलकेच बधिर करते. तिखटपणा येतो तो मिरची आणि कडधान्य आंबवून केलेल्या लाल पेस्टमधून. सासूबाईंनी दोनदा घेतला, आणि त्या बाहेरचं काही दोनदा घेत नाहीत.

पण जेवण खरं गाजवलं ते वाफवलेल्या माशाने. डोक्या-शेपटीसकट अख्खा मासा, वर आल्याचे आणि कांद्याच्या पातीचे अगदी बारीक उभे काप. वेटरने टेबलाशी आल्यावर त्यावर कडकडीत तेल ओतलं. चर्र झालं, पात जागच्या जागी मऊ पडली आणि आल्याचा वास टेबलभर पसरला. खाली पातळसा सोया सॉस, बाकी मसाला काही नाही. दक्षिण चीनमधल्या कँटनी पद्धतीत ताज्या माशावर चवींचा थर चढवत नाहीत, आणि म्हणूनच मासा शिळा असला तर लगेच कळतो. हा ताजा होता. मांस काट्यापासून नुकतंच सुटत होतं, म्हणजे आचेवरून अगदी वेळेवर उतरवलेला. जाऊबाई मुलांना काटे काढून देत होत्या आणि मुलं बशी पुढे करत होती.

कोळंबीचे डिमसम, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या छोट्या पुरचुंड्या, त्याही सुरेख, पारी इतकी पातळ की आतली गुलाबी कोळंबी दिसत होती. चिकन मऊ होतं. अंड्याचा पांढरा भाग आणि कॉर्नफ्लोअर लावून ठेवलं की ते तसं राहतं, आणि इथे ती मेहनत घेतलेली कळते. सूप ठीक.

फ्राइड राइस मात्र फसला. भात ओलसर, एकमेकांना चिकटलेला. त्याला आदल्या दिवशीचा, गार होऊन सुटा झालेला भात लागतो. शिवाय नऊ जणांचा भात एकदम टाकला की कढईची आच पडते, आणि परतण्याऐवजी तो वाफेतच शिजत राहतो. मोठ्या आचेवर परतल्याचा तो धुरकट वास, ज्यासाठी आपण बाहेर जाऊन हा भात खातो, तो आलाच नाही. निघताना मॅनेजरला हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी दोन-तीन खेपांत करायला सांगा म्हणाले. आम्ही तसंच सांगणार आहोत.

एकेक डिश जशी तयार होईल तशी गरम येत होती, आणि घाई कुणी केली नाही. जाणार असाल तर बसल्या बसल्या मासा आधी सांगा, त्याला वेळ लागतो. डिमसम तोवर पुरतात.