विम्यासाठी बेस गिटारचे मूल्यांकन: अकरा पानांच्या एका अहवालाचे परीक्षण

माझ्याकडे रिकेनबॅकर कंपनीची ४००१सीएस ही बेस गिटार आहे. ‘येस’ या ब्रिटिश बँडचा बेसवादक ख्रिस स्क्वायर याच्या नावाने हा नमुना १९९१ ते २००० या काळात निघाला आणि त्याची संख्या एक हजारावर मर्यादित ठेवण्यात आली. सायीसारखा पिवळसर पांढरा रंग, लालसर पदौक लाकडाचा फिंगरबोर्ड, त्यावर साधे गोल ठिपके आणि पिकगार्डवर, म्हणजे अंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून बसवलेल्या पातळ पट्टीवर, स्क्वायरची स्वाक्षरी, ही तिची ओळख. गेल्या वर्षी मी तिचे विम्यासाठी रीतसर मूल्यांकन करून घेतले. ते ज्या दुकानाने केले, त्या सेवेचे हे परीक्षण आहे. दुकान पेनसिल्व्हेनियात, न्यू जर्सीतील एडिसनमधल्या आमच्या घरापासून मोटारीने दीड तासावर आहे आणि जुन्या तंतुवाद्यांची दुरुस्ती व खरेदी-विक्री हा त्यांचा मूळ व्यवसाय आहे. त्यांच्या कामाविषयी मला एक गंभीर तक्रारही मांडायची असल्यामुळे नाव देत नाही.

मूल्यांकनाची गरज वाटण्याचे कारण आधी सांगायला हवे. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने न्यू जर्सीत हाहाकार उडवला, तेव्हा आमच्या तळघरातही वीतभर पाणी शिरले. एरवी ही गिटार तळघरातच स्टँडवर उभी असते. त्या रात्री तारा बदलायला म्हणून ती वरच्या खोलीत आणली होती, एवढ्यावर ती वाचली. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते, हे आम्हाला त्या आठवड्यात नीट उमजले. पुढे एजंटांशी बोलताना त्यांनी वाद्याचे बिल मागितले. २००८ मध्ये मी ती जुन्या वाद्यांच्या दुकानातून घेतली होती आणि त्या बिलावर एवढेच लिहिले होते: ‘वापरलेली रिकेनबॅकर बेस, क्रीम रंग, १,९०० डॉलर’. मर्यादित आवृत्तीचा उल्लेख नाही, साल नाही, क्रमांक नाही. उद्या ती चोरीला गेली असती, तर या कागदाच्या आधारे कंपनीने मला रिकेनबॅकरची आजची साधी ४००३ गिटार देऊ केली असती, आणि ‘तशाच जातीची व प्रतीची वस्तू’ ही पॉलिसीतली अट त्यांच्या दृष्टीने पूर्णही झाली असती.

ठरलेल्या दिवशी मी केससह गिटार घेऊन गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत, लांब टेबलावर हिरवे बनातीचे कापड अंथरून काम चालते. मूल्यांकन करणारे गृहस्थ साठीचे असावेत. त्यांनी गिटार हातात घेण्यापूर्वी मला तिचा इतिहास विचारला, तो टिपून घेतला आणि मगच केस उघडली. पुढचे दोन तास मी समोर बसून पाहत होतो आणि या सेवेचे खरे मोल मला तिथे कळले.

रिकेनबॅकरचा क्रमांक जॅक प्लेटवर, म्हणजे जिथे केबल खोचतात त्या धातूच्या पट्टीवर कोरलेला असतो. १९८७ पासूनच्या काही वर्षांत कंपनी महिन्यासाठी एक अक्षर आणि वर्षासाठी एक आकडा वापरत असे. ए म्हणजे जानेवारी, शून्य म्हणजे १९८७. माझ्या पट्टीवर ई आणि ५ आहे, म्हणजे मे १९९२. मी हे आधीच शोधून ठेवले होते आणि मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितलेही. ते म्हणाले, “पट्टी स्क्रूवर बसते. स्क्रू कोणीही काढू शकतो.” मग त्यांनी पिकगार्ड उघडले, आरसा आणि छोटा दिवा धरला आणि आतल्या व्हॉल्यूम-टोनच्या पॉटवरचा, म्हणजे बटणाखालच्या विद्युत भागावरचा शिक्का मला वाचायला दिला: १३७९२०९. पहिले तीन आकडे सीटीएस या कारखान्याचे, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे पॉट १९९२ च्या नवव्या आठवड्यातला, फेब्रुवारीच्या अखेरीचा किंवा मार्चच्या आरंभीचा. तो मे महिन्यात तयार झालेल्या गिटारमध्ये बसणे अगदी स्वाभाविक. शिवाय सोल्डरचे टाके एकाच हाताचे, जुने आणि न हललेले होते. पट्टी आणि पोट एकाच सालाची साक्ष देतात, असे त्यांनी लिहून घेतले. सोळा वर्षे ही गिटार माझ्याकडे आहे आणि तिच्या पोटात हा पुरावा आहे, याचा मला पत्ता नव्हता.

नंतर खोलीतला दिवा मालवून त्यांनी अतिनील दिवा लावला. एकसारख्या जुन्या रंगावर त्या प्रकाशात एकसारखी झाक येते आणि मागाहून लावलेला रंग वेगळा दिसतो. खालच्या कडेला नखाएवढा एक डाग गडद उमटला. कोणीतरी टवका बुजवला होता. तो डाग अहवालात छायाचित्रासह आला आहे. स्क्वायरच्या स्वतःच्या गिटारची गोष्ट इथे आठवल्यावाचून राहत नाही: रोझ मॉरिस या कंपनीने ब्रिटनमध्ये आयात केलेल्या त्याच्या आरएम१९९९ गिटारवर त्याने एकेकाळी फुलाफुलांचा भिंतीचा कागद चिकटवला होता, आणि तो काढून रंग देताना तिचे लाकूड घासले गेले. तिच्या बाबतीत ते घासलेपण इतिहासाचा भाग झाले. माझ्यासारख्याच्या गिटारवर कोणी तसा हात फिरवला असता, तर तिच्या किमतीला मोठी कात्री लागली असती.

रिकेनबॅकरच्या ब्रिजचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या भागाचा, एक जुना दोष जाणकारांना ठाऊक असतो: तारांच्या ताणाने त्याची मागची कड गिटारच्या अंगापासून किंचित उचलली जाते. त्यांनी साध्या वहीच्या कागदाची पट्टी कापून त्या फटीत सरकवून पाहिली. ती दोन-तीन मिलिमीटर आत गेली आणि अडली. “थोडे उचलले आहे, पण या वयाला चालते,” असे ते म्हणाले, आणि हेही मापासकट नोंदवले गेले. नेक सरळ आहे का ते पोलादी पट्टीने, फ्रेटची झीज भिंगाने, वजन तराजूवर. तारांची कंपने टिपणारा, ब्रिजजवळचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा पिकअप मूळचा आहे का, हे त्यांनी त्याला जोडलेल्या विजेच्या तारांवरून तपासले. मग ते खुंट्यांपाशी आले आणि थांबले. त्या बदललेल्या होत्या. “मूळ खुंट्या कुठे आहेत?” या प्रश्नाला माझ्याकडे सुदैवाने उत्तर होते, आधीच्या मालकाने त्या पत्र्याच्या डबीत घालून केसच्या खणात ठेवल्या होत्या आणि मी ती डबी कधी हलवली नव्हती. चारही खुंट्या, त्यांचे बुश आणि स्क्रू त्यांनी टेबलावर ओळीने मांडून छायाचित्र घेतले. अहवालात त्यांनी दोन आकडे दिले आहेत, मूळ खुंट्या सोबत असताना आणि त्या नसताना, आणि त्यांतला फरक तीनशे डॉलरचा आहे. ज्यांच्याकडे जुनी वाद्ये आहेत, त्यांनी काढून ठेवलेला एकही सुटा भाग टाकू नये, एवढे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

किमतीकडे येतो. बाजारात विक्रीला लावलेली किंमत आणि प्रत्यक्ष सौदा झालेली किंमत यांत बरेच अंतर असते. मी स्वतः घरी बसून केलेला हिशेब लावलेल्या किमतींवर होता, म्हणून तो फुगला होता. वाद्यांच्या खरेदी-विक्रीच्या रिव्हर्बसारख्या संकेतस्थळांवर झालेल्या सौद्यांच्या किमतींचे टप्पे दिसतात आणि प्राथमिक अंदाजासाठी ती सोय उत्तम आहे. परंतु तो टप्पा डबीतल्या खुंट्या पाहत नाही आणि ब्रिजखाली कागद सरकवत नाही. या दुकानाने तीन झालेले सौदे तारखांसह निवडले, प्रत्येक गिटारची अवस्था माझ्या गिटारशी ताडून पाहिली आणि कुठे किती वजा-अधिक केले ते वाक्यावाक्यांत लिहिले. २७ जून २०१५ रोजी स्क्वायरचे निधन झाले, त्याचा किमतीवर परिणाम धरावा का, असे मी विचारले होते. त्यांनी भावनेला जागा दिली नाही. सौदे जे सांगतात तेच लिहू, असे ते म्हणाले. एक हजार ही संख्याही फार लहान नाही, त्यामुळे ‘मर्यादित आवृत्ती’ या दोन शब्दांनी किंमत आपोआप चढत नाही, हे त्यांनी मला शांतपणे समजावले. अंतिम आकडा ४,४०० डॉलर आला. माझ्या अपेक्षेपेक्षा तो सहाशेने कमी आहे आणि त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आता तक्रार. अहवाल दोन आठवड्यांत मिळेल असे सांगितले होते. तो सात आठवड्यांनी आला आणि पहिल्या प्रतीत मूल्याचा प्रकारच चुकला होता. खुल्या बाजारात राजीखुशीने विकणाऱ्याला जी रक्कम मिळेल, ते बाजारमूल्य त्यांनी लिहिले होते. विम्याला हवे असते पुनर्प्राप्तीचे मूल्य: तशीच वस्तू योग्य दुकानातून, वाजवी मुदतीत पुन्हा विकत घ्यायला लागणारी रक्कम. वारसाहक्क किंवा घटस्फोटाच्या वाटणीसाठी पहिले मूल्य योग्य असेल, पण विम्यासाठी त्याचा आधार घेतला तर मालक कमी रकमेवर अडकतो. माझ्या प्रतीत तो आकडा ३,५०० होता. मी पत्र लिहिल्यावर त्यांनी चूक मान्य केली आणि आठवडाभरात, वेगळे पैसे न घेता, सुधारित अहवाल दिला; तरीही काम कशासाठी आहे हे पहिल्या भेटीतच कागदावर घेतले असताना ही चूक व्हायला नको होती. ज्या ग्राहकाला हा फरक ठाऊक नाही, तो पहिलीच प्रत एजंटांकडे पाठवून मोकळा झाला असता. यासाठी मी या सेवेचे गुण स्पष्टपणे कापतो.

शुल्काबाबत मात्र ते चोख आहेत. १७५ डॉलर, ठरलेले आणि आधी सांगितलेले. मूल्याच्या टक्केवारीवर शुल्क घेणाऱ्याकडे जाऊ नये, कारण आकडा जितका मोठा तितकी त्याची कमाई मोठी. अमेरिकेतील मूल्यांकनाच्या व्यावसायिक मानकांनाही असे शुल्क मान्य नाही. दुकान स्वतः गिटार विकत घेते, म्हणून या वाद्यात आपला आज किंवा पुढे काही हितसंबंध नाही, असे निवेदन त्यांनी स्वाक्षरीसह जोडले आहे. ते मी मागितले नव्हते.

अहवाल हाती आल्यावरही काम संपत नाही. घराच्या विम्याला जोडल्या जाणाऱ्या स्वतंत्र यादीत वाद्यांचा वर्ग असतो. पण नेहमीच्या कलमांनुसार, यादीत ४,४०० लिहिले म्हणून ४,४०० मिळतीलच असे नाही. दुरुस्तीचा खर्च, बदलीचा खर्च, घसारा वजा केलेली किंमत आणि यादीतला आकडा यांपैकी जे सर्वांत कमी, ते देण्याची मुभा कंपनीला असते. चित्रे-शिल्पांच्या वर्गाला मात्र मान्य मूल्य लागू होते, म्हणजे आधी ठरलेलीच रक्कम मिळते. वाद्याला ते हवे असेल तर वेगळे कलम मागून घ्यावे लागते, आणि मी ते मागितले. एजंटांनी अहवालातले क्रमांकाचे पान आणि सौद्यांचे पान वाचून एकही प्रतिप्रश्न न विचारता ते मान्य करून घेतले. वाजवून पैसे मिळवता का, असे मात्र त्यांनी विचारले, कारण व्यावसायिक वादकासाठी दर आणि अटी वेगळ्या असतात. मी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वाजवतो आणि मानधन म्हणून प्रसादाचा मोदक मिळतो, तेव्हा उत्तर सोपे होते. हप्ता वर्षाला ४८ डॉलरने वाढला. आमच्या या यादीत पुराचे नुकसानही धरले आहे, हे मी दोनदा वाचून खात्री करून घेतले.

पुण्या-मुंबईतल्या वादक मित्रांनी भारतातल्या सोयीबद्दल विचारले, म्हणून थोडे त्याविषयी. १ एप्रिल २०२१ पासून तिथे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे आणि तिच्यात मौल्यवान वस्तूंना मान्य मूल्यावर ऐच्छिक संरक्षण घेता येते. एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि एक वस्तू एक लाखापर्यंत असेल, तर मूल्यांकनाचे प्रमाणपत्र लागत नाही. अशी गिटार ती मर्यादा सहज ओलांडते. मूळ पॉलिसीत चोरीचे संरक्षण आग, पूर यांसारख्या घटनेनंतरच्या सात दिवसांपुरते असते, साध्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. आणि वाद्य ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून धरले आहे, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण त्या उशिराचा आणि पहिल्या प्रतीचा. तपासणीच्या दोन तासांना मी पूर्ण गुण दिले असते. बाजार हलता असल्याने तीन वर्षांनी पुन्हा मूल्यांकन करावे, असे अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे आणि मी त्याच गृहस्थांकडे जाणार आहे. या वेळी ‘पुनर्प्राप्तीचे मूल्य’ हे शब्द पहिल्याच पत्रात लिहीन. अहवालाची एक प्रत एजंटांकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक डोंबिवलीला ताईच्या कपाटात आहे. खुंट्यांची डबी केसच्या खणातच आहे, आणि गिटार आता वरच्या खोलीत राहते.