अभ्यासिकेतला डीएचसीपी, आठ महिने वापरल्यावर

सदाशिव पेठेत मामाची अभ्यासिका आहे, ६४ टेबलं, खाली ३४ आणि वर ३०, पोरं बहुतेक एमपीएससीची, थोडी सीएची. तिथलं वायफाय माझ्या गळ्यात पडलंय कारण घरात "कॉम्प्युटरमधलं कळतं" असा शिक्का माझ्यावर आहे, नाहीतर मी दिवसभर अकाउंट्सच बघतो. फेब्रुवारीत डीएचसीपीचं, म्हणजे राउटर प्रत्येक फोन-लॅपटॉपला आपोआप ॲड्रेस (जाळ्यातला त्याचा नंबर) वाटतो त्या सोयीचं, सगळं सेटिंग नव्याने केलं, आता आठ महिने झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कारण तेव्हा मी शोधत होतो तर सगळीकडे "डीएचसीपी एनेबल करा आणि सेव्ह करा" एवढंच सांगत होते, ते तर आधीपासून एनेबलच होतं ना बाबा.

त्रास काय होता तर दुपारी तीनच्या आसपास मामाचा फोन यायचा. "अरे, पोरं परत ओरडतायत, वायफाय लागत नाहीये." मी ऑफिसमधून विचारायचो कोणाचं लागत नाहीये, तर सकाळपासून बसलेल्यांचं मस्त चालू असायचं, दुपारी येणाऱ्यांचं लागायचं नाही. रेंज फुल, पासवर्ड बरोबर, आणि स्क्रीनवर "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" हेच फिरत बसायचं. मी शहाणपणा काय केला तर प्लॅन १०० एमबीपीएसचा २०० करून घेतला. तीन महिने जास्तीचे पैसे भरले आणि फरक शून्य, कारण प्रश्न स्पीडचा नव्हताच, राउटरकडे द्यायला ॲड्रेसच शिल्लक नव्हते.

जुन्या राउटरची पेटी, म्हणजे वाटायच्या ॲड्रेसचे शेवटचे आकडे, १०० ते १९९ अशी होती, म्हणजे मोजून शंभर ॲड्रेस, आणि लीज, म्हणजे एक ॲड्रेस एकाच्या नावावर राहायची मुदत, १४४० मिनिटं म्हणजे पूर्ण २४ तास. आता हे लीज प्रकरण मला मामाच्या वहीवरून नीट कळलं. मामा टेबल नंबरासमोर नाव लिहितो, पोरगं न सांगता गावाला निघून गेलं तरी पैसे भरलेत तोपर्यंत ते टेबल तो दुसऱ्याला देत नाही. राउटर तेच करतो. सकाळच्या बॅचचं पोरगं अकराला फोन खिशात टाकून निघून जातं, फोन काही "मी चाललो, माझा ॲड्रेस घ्या परत" असं सांगत नाही (तशी सोय आहे, रिलीज म्हणतात, पण खिशात टाकलेला फोन ते करत बसत नाही), मग तो ॲड्रेस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्याच नावावर. ६४ टेबलं असली तरी बॅचेस धरून एकशेदहाच्या आसपास पोरं, प्रत्येकाकडे फोन, निम्म्यांकडे लॅपटॉप नाहीतर टॅब. शंभर ॲड्रेस कुठे पुरणार.

मग एक मध्यम किमतीचा राउटर घेतला आणि त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी टाकायचं राउटरचं मोफत सॉफ्टवेअर. राउटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ते महत्त्वाचं नाही, ज्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी चालतं असा कुठलाही घ्या. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ॲड्रेस वाटायचं काम डीएनएसमास्क नावाचा प्रोग्राम करतो आणि सुरुवातीला लीज १२ तास, स्टार्ट १००, लिमिट १५० असं भरलेलं येतं. इथे मी पहिली माती खाल्ली. लिमिट म्हणजे शेवटचा नंबर असं मला वाटलं, म्हणजे १०० ते १५०, म्हणलं हे तर पहिल्यापेक्षाही कमी झालं. तर तसं नाहीये, लिमिट म्हणजे किती द्यायचे तो आकडा, १०० पासून १५० ॲड्रेस, म्हणजे २४९ पर्यंत. हे कळल्यावर निवांत झालो, म्हणलं दीडशे आहेत, १२ तास आहेत, झालं काम.

दहा दिवसांनी परत तीन वाजता फोन.

पण या वेळी लॉग, म्हणजे राउटरने केलेल्या कामाची नोंदवही, बघता आला आणि या एका गोष्टीसाठी मी ओपनडब्ल्यूआरटीला पूर्ण मार्क देतो. जुन्या राउटरच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसायचं, इथे चक्क ओळीमागून ओळ "डीएचसीपीडिस्कव्हर" आणि पुढे "नो ॲड्रेस अव्हेलेबल". नीट चालतं तेव्हा चार ओळी दिसतात, फोन ओरडतो कोणी ॲड्रेस देणारं आहे का, तो डिस्कव्हर, राउटर म्हणतो हा घे, ती ऑफर, फोन म्हणतो हाच दे, ती रिक्वेस्ट, आणि राउटर दिला म्हणतो, तो ॲक. इथे पहिल्या ओळीवरच गाडी अडकलेली. आणि लीजची यादी उघडली तर दीडशेच्या दीडशे भरलेले, त्यात एकाच पोराच्या फोनचं नाव दोनदा, एकाचं तर चारदा!

हे चारदा कसं याच्यावर माझी एक अख्खी रविवार दुपार गेली. तर झालं असं की वायफायची नावं मी चार ठेवली होती, खालचं, वरचं, आणि दोन्हीकडे फाइव्ह गिगाहर्ट्झचं वेगळं, पोरांना सोयीचं म्हणून. आणि हल्लीचे फोन, ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयफोन असेल तर आयओएस १४ पासून, प्रत्येक वायफायच्या नावाला वेगळा खोटा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर) दाखवतात, म्हणजे तुमचा माग कोणी काढू नये. चांगलीच गोष्ट आहे, पण राउटर माणूस ओळखतो तो मॅकवरून, त्यामुळे तेच पोरगं खाली बसलं, मग चहाला जाऊन आलं आणि वर बसलं, की राउटरच्या वहीत दोन माणसं. बारा तासांत चारही नावांवर फिरलं की चार टेबलं त्याची.

उपाय अगदी साधा निघाला, चारही ठिकाणी एकच नाव आणि एकच पासवर्ड. दुसऱ्या दिवशी पोरांनी थोडी कुरकुर केली की "दादा, फाइव्ह जीवालं कुठे गेलं", पण ॲड्रेसची मागणी तिथेच धपकन खाली आली.

आणि लीज २ तास केली. माझ्या मते या सगळ्या सेटिंगमध्ये हा एकच चौकोन सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यालाच कोणी हात लावत नाही. घरी लीज एक दिवसाची असो की आठवड्याची, काही फरक पडत नाही, तीच दहा-बारा उपकरणं असतात. पण जिथे माणसं येत-जात राहतात, अभ्यासिका, मेस, क्लिनिक, क्लास, तिथे लीज ही माणूस साधारण किती वेळ बसतो त्याच्या हिशोबाने ठेवायची. मला भीती होती की दोन तासांनी पोरांचं नेट तुटेल आणि लेक्चर मधेच बंद पडेल, तसं अजिबात होत नाही, फोन अर्धी मुदत संपली की म्हणजे एका तासानेच गुपचूप मुदत वाढवून मागतो आणि राउटर देतो, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तोटा एकच, लॉगमध्ये कचरा जास्त होतो. पेटी पण बदलली, स्टार्ट ३०, लिमिट २२०, म्हणजे ३० ते २४९, आणि ३० च्या खालचे नंबर आपल्या घरच्या सामानाला. गेल्या काही महिन्यांत गर्दीच्या दिवशीसुद्धा यादी १३० च्या वर गेलेली मी बघितली नाहीये.

आता वरच्या मजल्याचं. वर जुनाच राउटर लावला होता, खालून केबल नेऊन त्याच्या पिवळ्या लॅन पोर्टात (आतली यंत्रं जोडायच्या भोकात) खुपसली, आणि त्याचं डीएचसीपी बंद करायचं राहून गेलं. म्हणजे एका जाळ्यात ॲड्रेस वाटणारे दोन. फोन डिस्कव्हर ओरडतो तो सगळ्यांना ऐकू जातो आणि बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं तो घेतो. खालच्याने उत्तर दिलं तर १९२.१६८.५० ने सुरू होणारा ॲड्रेस आणि नेट चालू, वरच्याने दिलं तर १९२.१६८.० वाला, आणि बाहेर जायचा रस्ता म्हणून तो स्वतःचंच नाव सांगायचा, त्याच्या वॅन पोर्टात, जिथे बाहेरचं नेट येतं, तर काहीच नाही. वायफाय जोडलेलं दिसतं आणि नेट नाही. आणि हे कधी व्हायचं कधी नाही, वायफाय बंद-चालू केलं की कधी सुटायचं, त्यामुळे "तुझा फोनच खराब आहे" असं मी दोन पोरांना ठामपणे सांगून मोकळा झालो होतो. सॉरी रे.

ते बंद करतानाही घोळ घातला. वरच्या राउटरचा स्वतःचा ॲड्रेस आधी १९२.१६८.५०.२ करायचा आणि मग डीएचसीपी बंद करायचं, मी उलटं केलं. डीएचसीपी बंद झालं, तो बसला १९२.१६८.०.१ वर आणि माझ्या लॅपटॉपला मिळाला ५० वाला ॲड्रेस, आता त्याचं पान उघडणार कसं. शेवटी लॅपटॉपला हाताने १९२.१६८.०.५० दिला आणि आत शिरलो. मामा शेजारी उभा राहून सिम काढायची पिन घेऊन रिसेट करायला टपलेलाच होता, त्याला कसंबसं थांबवलं.

तो ५० आकडा कुठून आला तर फायबरवाल्यांचा डबा स्वतः १९२.१६८.१.१ वर ॲड्रेस वाटतो आणि ओपनडब्ल्यूआरटी पण सुरुवातीला १९२.१६८.१.१ वरच असतं, दोघांचं एकच झालं की राउटरला बाहेर कुठलं आणि आत कुठलं हेच कळत नाही. डबा ब्रिज मोडमध्ये टाकून द्या, म्हणजे त्याने ॲड्रेस न वाटता नेट नुसतं पुढे द्यावं, म्हणून कस्टमर केअरला चार वेळा फोन केला, प्रत्येक वेळी "सर, आमचा इंजिनिअर येईल." आठ महिने झाले. मग आपली बाजू ५० केली आणि विषय संपवला, डबल नॅट होतं, म्हणजे डबा आणि राउटर दोघंही ॲड्रेस बदलून पुढे पाठवतात, पण लेक्चर बघायला आणि फॉर्म भरायला काही अडत नाही.

प्रिंटरने मात्र माझं तत्त्वज्ञान मोडलं. माझं ठाम मत असं होतं, अजूनही बहुतेक आहे, की यंत्राला हाताने ॲड्रेस द्यायचा नाही, राउटरमध्ये स्टॅटिक लीज टाकायची, या मॅकला कायम हाच ॲड्रेस, म्हणजे सगळी यादी एका जागी राहते. हे मत झालं कॅमेरावाल्यामुळे, त्याने जुन्या सेटिंगमध्ये डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) हाताने १०५ देऊन ठेवला होता, ऐन पेटीच्या मधला, मग राउटरने तोच कोणत्यातरी पोराच्या फोनला दिला की मामाच्या मोबाईलवरचं कॅमेऱ्याचं चित्र गायब. डीव्हीआरला स्टॅटिक लीज दिली, तेव्हापासून शांत आहे.

तर प्रिंटरला पण तसाच ५०.१० दिला. गुरुवारी लाईट जाते हे पुण्यात सांगायला नको, इन्व्हर्टर फक्त दिवे-पंख्यांवर आहे. लाईट आली की प्रिंटर वीस सेकंदांत तयार, राउटरला उठायला मिनिटभर तरी लागतं, प्रिंटर ॲड्रेस मागतो, उत्तर देणारं कोणी नाही, मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस लावून बसतो. अशी पद्धत आहेच, कोणी वाटणारं नसेल तर यंत्रांनी आपापसात बोलायला हा पट्टा वापरायचा, पण नंतर परत विचारून बघायचं असतं, आमचा प्रिंटर एकदा रुसला की रुसला. प्रवेशपत्रं काढायच्या दिवसांत हे दोनदा झालं, बाहेर दहा रुपये पानाने प्रिंट काढून आली पोरं आणि मामाला टोमणे. शेवटी गपगुमान प्रिंटरच्याच मेनूत जाऊन हाताने ५०.१० टाकला. पेटीच्या बाहेरचा नंबर आहे त्यामुळे तो दुसऱ्या कोणाला जात नाही. तेव्हापासून एकदाही तक्रार नाही.

लाईट गेल्यावरचं अजून एक, ओपनडब्ल्यूआरटी लीजची यादी रॅममध्ये ठेवतं, लाईट गेली की वही कोरी. मला वाटलं आता एकच ॲड्रेस दोघांना जाणार आणि मारामाऱ्या होणार, पण डीएनएसमास्क मॅकवरून हिशोब करून नंबर काढतो, त्यामुळे बहुतेकांना परत तोच मिळतो, आणि नव्याला द्यायच्या आधी पिंग करून, म्हणजे त्या ॲड्रेसला हाक मारून, कोणी बसलंय का तेही बघतो. १९९३ साली ही पद्धत पहिल्यांदा ठरली आणि १९९७ मधल्या आरएफसी २१३१ वर (इंटरनेटच्या नियमांचा एक कागद) अजून सगळे घर चालवतायत, एवढ्या वर्षांत बऱ्याच खाचाखोचा आधीच कोणीतरी भरून ठेवल्यात असं दिसतं.

घरी दहा उपकरणं असतील तर यातलं काहीही करू नका, आहे ते चालू द्या. फक्त दुसरा राउटर जोडणार असाल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, ॲड्रेस आधी बदलून.

गेल्या महिन्यात परत तो जुना रोग दिसला, काहींना नेट, काहींना नाही, आणि ॲड्रेस भलताच, १९२.१६८.८ वाला. असा ॲड्रेस आमच्याकडे कुठेच नाही. वरखाली शोधलं तर वर खिडकीपाशी एका पोराने स्वतःचा छोटा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला होता, रेंज चांगली मिळावी म्हणून, आणि लॅन पोर्टातच लावलेला. पोरगं बिचारं गोंधळलं, त्याला काय माहीत तो अख्ख्या अभ्यासिकेला ॲड्रेस वाटतोय. मामा काही बोलला नाही, संध्याकाळी पाटी लागली, "भिंतीतील सॉकेटमध्ये स्वतःचे यंत्र लावू नये. येथे ॲड्रेस वाटण्याचे काम एकच जण करतो, व तो जागेवर आहे." पोरं फोटो काढून स्टेटसला टाकतायत. मी आपलं त्या सॉकेटची केबल मागून काढून ठेवली.