बोलणारं कार्ड मशीन, चार्जिंग संपल्यावर जास्त आवडलं

स्टार आधीच सांगून टाकतो, मशीनला 2 आणि कार्डांना 5.

लेक 19 महिन्यांची होती तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी आपल्या मुलाचा एबीसीडी म्हणतानाचा व्हिडिओ टाकला, आमच्याकडे त्या वेळी आई, बाबा, दे, नाई आणि हम्मा एवढाच साठा, मग काय, रात्री साडेबाराला ऑर्डर करून मोकळा. साडेपाचशे रुपये, 112 कार्डं, दोन्ही बाजूंना चित्र म्हणजे 224 शब्द, कार्ड खाचेत सरकवलं की मशीन इंग्रजीत नाव सांगतं आणि प्राणी असला तर त्याचा आवाजही काढतं. बॉक्सवर छापलंय की मुलं लवकर बोलायला लागतात.

वस्तू म्हणून वाईट नाहीये. कडा गोल आहेत, दोनदा ओट्यावरून पडलं तरी काही झालं नाही, चार्जिंग तीन-चार दिवस टिकतं. आवाज कमी करायचं बटण मात्र नाही, दुपारी हत्ती ओरडला की वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीत येतात. आणि गाय 'मू' म्हणते. आमच्याकडे गाय हम्मा करते हो. लेकीने मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाई." तिचं बरोबरच होतं.

पहिले आठ दिवस मी खुश होतो, कारण ती शांत बसायची आणि मला ऑफिसचे मेल बघता यायचे. मग एकदा सहज आमचा खेळ मोबाईलवर रेकॉर्ड केला, माझ्या मावसबहिणीला पाठवायला, ती स्पीच थेरपिस्ट आहे. पाठवायच्या आधी स्वतः ऐकला आणि लाजच वाटली. पाच मिनिटांत मी काय बोललोय, तर "उलटं घातलंस", "थांब", "एक एक घाल", "दाबू नको", "आता दुसरं". वांग्याचं कार्ड आलं, मशीन ब्रिंजल म्हणालं, ही म्हणाली "गाबा", आणि त्या गाबाला ना मशीनने काही उत्तर दिलं ना मी. पोरगी वांग्याबद्दल काहीतरी सांगत होती आणि तिचं ऐकायला खोलीत कोणीच नव्हतं!

बहिणीला पाठवलं तर ती हसायलाच लागली. "दादा, तू अगदी रिसर्चमधल्या आईबापांसारखा बोलतोयस." म्हटलं कुठला रिसर्च, तर तिने जे सांगितलं ते बॉक्सवर छापायला हवं. अमेरिकेत कॅथी हर्श-पासेक आणि रोबर्टा गोलिन्कॉफ या दोघी मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच बघतायत, की लहान मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याची देवाणघेवाण कशी चालते. त्यांच्या टीमच्या 2013 च्या एका अभ्यासात बटणं असलेली बोलणारी गोष्टीची पुस्तकं आणि साधी पुस्तकं अशी तुलना होती. बोलणारं पुस्तक हातात आलं की पालक गोष्टीबद्दल कमी बोलायचे आणि बटण दाबू नको, नीट धर, हेच जास्त, आणि तीन वर्षांच्या मुलांना गोष्टसुद्धा कमी कळायची. म्हणजे माझं रेकॉर्डिंग.

दुसरा अभ्यास नॉर्दर्न ॲरिझोना युनिव्हर्सिटीच्या ॲना सोसा यांचा, 2016 मध्ये छापून आलेला. 10 ते 16 महिन्यांची बाळं, 26 घरं, खेळणी घरी नेऊन दिली आणि बोलणं रेकॉर्ड केलं. आवाज करणारी खेळणी असताना पालक मिनिटाला साधारण 40 शब्द बोलले, लाकडी कोडं, ठोकळे असल्या साध्या खेळण्यांबरोबर साधारण 56, आणि जाड पुठ्ठ्याची पुस्तकं दिल्यावर 67. खेळणं बोलायला लागलं की आईबाप गप्प होतात, एवढी साधी गोष्ट. 26 घरं म्हणजे काही फार नाही, आणि ती मुलं पुढे उशिरा बोलली असं कोणी म्हणलेलं नाही, पण चाळीस आणि सदुसष्ट बघितल्यावर मी गुपचूप बसलो.

मी तरी वाद घातलाच, की शब्द तर कानावर पडतायत ना. तर म्हणे नुसतं कानावर पडून भागत नाही, अमेरिकेतच सिएटलला पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी 2003 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या 9 महिन्यांच्या बाळांना मँडरीन चिनी ऐकवलं, 12 वेळा. ज्यांच्यासमोर खरं माणूस बसून पुस्तक दाखवत, खेळत बोललं त्यांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता यायला लागले, आणि ज्यांना तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं किंवा नुसतं ऐकवलं त्यांना काही उपयोग झाला नाही. आणि माझं मशीन तर टीव्हीपेक्षाही मठ्ठ, त्याला तोंडसुद्धा नाही.

इथे मला आईची आठवण झाली, ती साताऱ्याला, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, आणि आम्ही स्क्रीन नको म्हणून तो पाच मिनिटांत आवरायचो. तर हर्श-पासेक आणि गोलिन्कॉफ यांच्याच टीमचा 2014 चा अभ्यास आहे, दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवीन क्रियापदं शिकली, अगदी समोरासमोर शिकल्यासारखी, पण रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून नाही. कारण कॉलवरचं माणूस मुलाने काही केलं की त्याला लगेच उत्तर देतं. आता आईचा कॉल पाऊण तास चालतो. आई म्हणते, "मी कधीची सांगत होते."

तर मशीनचं काय झालं. केबल हरवली (सोफ्याच्या आत गेली असणार) आणि चार्जिंग संपलं. मशीन मुकं झालं आणि कार्डं राहिली. ती आता कार्ड आणून माझ्या मांडीवर आपटते, मी म्हणतो हे काय आहे गं, ती म्हणते गाबा, मी म्हणतो हो गं, वांगं, जांभळं जांभळं वांगं, आजी भरली वांगी करते ना तेच, मग ती फ्रिजकडे बोट दाखवते आणि आम्ही दोघं उठून खरं वांगं बघायला जातो. एका कार्डाला दहा मिनिटं लागतात. कार्डांचा पुठ्ठा जाड आहे, चित्रं मोठी आणि स्पष्ट आहेत, कोंबडा तर फारच देखणा, त्याला आम्ही कुकूचकू करतो.

गाबाचं वांगं झालं ते साधारण तीन आठवड्यांनी, त्याचं श्रेय मी कोणालाच देत नाही, वय पण वाढत होतंच. आणि एक सांगतो, मूल खरंच मागे पडतंय असं वाटलं तर डॉक्टरांकडे जा, आधी कान तपासून घ्या, रात्री साडेबाराला शॉपिंग ॲप उघडू नका.

घ्यायचं की नाही? नोकरी सांभाळून मूल वाढवताना वीस मिनिटं शांतता हवी असेल तर घ्या, त्यासाठी साडेपाचशे काही जास्त नाहीत, मीही घेतलीच की ती शांतता. फक्त बोलायला शिकवेल म्हणून घेऊ नका. रिटर्नची मुदत 7 दिवसांची होती, ती कधीच गेली. सेलरला विनंती, नुसती कार्डं वेगळी मिळत असतील तर कळवा, आमची हम्मा चावून चावून अर्धी झालीये.