छत की नवी इमारत: सीडीबीजी आणि होम या दोन अनुदानांत निवड करताना

अमेरिकेतील एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात ना-नफा संस्थेच्या कार्यकारिणीवर काम करणाऱ्याला किंवा शहराच्या सल्लागार समितीवर नेमल्या गेलेल्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की हातातला प्रकल्प ‘सीडीबीजी’ (समुदाय विकासासाठीचे एकत्रित अनुदान) याखाली मांडावा की ‘होम’ (परवडणाऱ्या घरांसाठीचे अनुदान) याखाली. दोन्ही अनुदाने संघराज्याच्या गृहनिर्माण व नागरी विकास खात्याकडून, म्हणजे सगळे ज्याला ‘हड’ म्हणतात त्याच्याकडून, सूत्रानुसार वाटली जातात. शहरात ती बहुधा एकाच कार्यालयातून हाताळली जात असल्यामुळे सख्खी भावंडे वाटतात, पण त्यांचे स्वभाव फार वेगळे आहेत.

सीडीबीजी १९७४ च्या कायद्याने आले. त्याआधीच्या अनेक सुट्या योजना मोडून एकत्रित रक्कम शहरांच्या हाती द्यावी आणि प्राधान्य त्यांनीच ठरवावे, ही त्यामागची कल्पना होती. महानगर क्षेत्रातील मुख्य शहरांना व ५०,००० हून अधिक लोकसंख्येच्या शहरांना ते थेट मिळते, लहान गावांना राज्यामार्फत. पदपथ, सांडपाण्याची वाहिनी, उद्यान, घरदुरुस्ती, छोट्या व्यवसायाला कर्ज, असे बरेच काही त्यात बसते. मात्र किमान ७० टक्के खर्चाचा लाभ भागातील मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून अधिक नसलेल्या कुटुंबांना मिळाला पाहिजे. होम १९९० च्या कायद्यातून आले आणि ते केवळ घरांसाठी आहे: बांधणे, दुरुस्त करणे, खरेदीदाराला हातभार लावणे, भाडेकरूला भाड्यात मदत करणे.

फरक कळायला एक गळके छत पुरते. समजा, एका वयस्कर बाईंच्या १९५० च्या सुमाराच्या स्वतःच्या घराचे छत गळते आहे आणि पावसाळी आठवड्यात स्वयंपाकघरात बादल्या मांडाव्या लागतात. सीडीबीजीतून शहर केवळ छत दुरुस्त करून देऊ शकते. होमचा पैसा लावायचा तर संपूर्ण घर ठरलेल्या मानकापर्यंत आणावे लागते, म्हणजे वायरिंग, नळजोडणी, जिन्याचा कठडा सगळेच आले. घर १९७८ पूर्वीचे असल्यामुळे शिसेयुक्त रंगाचे नियम दोन्हीकडे लागू होतातच, पण खर्च जसा वाढतो तसे तेही कडक होत जातात. छत, हीटर, दारापुढचा उतार अशा तातडीच्या कामांसाठी होमच्या वाटेला जाणे म्हणजे गळती थांबवायला घर बांधायला काढणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिकाम्या भूखंडावर भाड्याची घरे बांधायची असतील तर पारडे उलटते. नव्या घरांचे बांधकाम सीडीबीजीत सहसा बसतच नाही. विशिष्ट निकषांत बसणाऱ्या समुदाय-विकास संस्थेमार्फत केले तरच ते चालते. जागा घेणे, ती साफ करणे, रस्ता व पाण्याची जोडणी देणे यांसाठी मात्र सीडीबीजी चालते. इमारतीसाठी होम, आणि बहुतेक मोठ्या प्रकल्पांत त्याच्या जोडीला कमी उत्पन्न गटासाठी भाड्याची घरे बांधणाऱ्यांना मिळणारी १९८६ पासूनची करसवलत, अशी बांधणी दिसते. होमच्या निधीतील किमान १५ टक्के रक्कम पात्र ठरलेल्या समुदाय-गृहनिर्माण संस्थांसाठी राखीव असते. त्यासाठी संचालक मंडळात किमान एक तृतीयांश जागा कमी उत्पन्न गटातील रहिवाशांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या असाव्या लागतात, आणि हौसेने सुरू झालेल्या कित्येक संस्था नेमक्या इथे अडतात.

या सोयीची किंमत मात्र नीट वाचावी. होमच्या पैशातून बांधलेली भाड्याची घरे २० वर्षे ठरलेल्या भाड्याच्या व उत्पन्नाच्या मर्यादेत ठेवावी लागतात. ती अट मोडली तर तो निधी परत करण्याची जबाबदारी शहरावर येते, म्हणून कराराची कलमे कठोर असतात. शिवाय प्रकल्पांवर खर्च होणाऱ्या होमच्या प्रत्येक डॉलरमागे साधारण २५ सेंटची जोड शहराला दाखवावी लागते. दान मिळालेली जमीन, माफ झालेला मालमत्ता कर, स्वयंसेवकांचे श्रम त्यात धरता येतात. सीडीबीजीचा पैसा धरता येत नाही, कारण तोही संघराज्याचाच.

ज्येष्ठांचे जेवण, पाळणाघर, कायदेशीर सल्ला अशा सेवांसाठी होमचा विचारच नको. सीडीबीजीतही त्यांना साधारण १५ टक्क्यांची मर्यादा आहे: शहराला १० लाख डॉलर मिळाले तर सगळ्या सेवासंस्थांमध्ये मिळून दीड लाख. गर्दी इथेच होते. ज्येष्ठांसाठीच्याच कार्यक्रमांना एक सवलत आहे, ती म्हणजे ज्येष्ठांना बहुतांशी कमी उत्पन्नाचे गृहीत धरले जाते, त्यामुळे प्रत्येकाच्या मिळकतीचे कागद गोळा करण्याचा व्याप टळतो. आपल्या मंडळींपैकी ज्येष्ठांसाठी काही चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दोन्हींच्या रकमा दरवर्षी संसदेच्या मंजुरीवर ठरतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात देशभरासाठी सीडीबीजीला सुमारे ३.३ अब्ज आणि होमला १.२५ अब्ज डॉलर होते, आणि दोन्ही बंद करण्याचे प्रस्ताव राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रकांत एकाहून अधिक वेळा आले आहेत. एखाद्या वर्षाच्या अनुदानावर कायमचा पगार बेतू नये.

आणि कोणतेही अनुदान निवडले तरी एक घाई करू नये. अर्ज केल्यानंतर, पर्यावरणीय तपासणी पुरी होऊन निधी मोकळा होण्याआधी, जागा चांगली आहे म्हणून स्वतःच्या पैशाने खरेदीखत केले, तर त्या प्रकल्पाचे अनुदान गमवावे लागू शकते.